नारूचं गाव आणि वांग्याची शपथ

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी आधी विचारून घेतलं, की तुम्हाला डॉक्टरचे अनुभव हवेत की माझे? कारण मी डॉक्टर नव्हे. मी दवासाज. निजामाच्या राज्यात आमच्या बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सरकारी युनानी दवाखाना असायचा. हकीमसाहेब नाडी बघायचे आणि नुस्खा लिहायचे. तो नुस्खा वाचून काढे उकळणं, चाटणं घोटणं, पुड्या बांधणं हे काम दवासाजाचं. माझी सगळी उमर खलबत्त्यात गेली. अजूनही घरात कोणी वेलदोडे कुटायला घेतले, की माझा हात आपोआप पुढे जातो आणि सूनबाई हसतात.

युनानी इलाजात नाडीइतकाच मान कारुऱ्याला. कारुरा म्हणजे रोग्याची सकाळची लघवी, बाटलीतून आणलेली. हकीमसाहेब ती बाटली उजेडात धरून रंग बघायचे, गाळ बघायचे. एकदा तेलगावच्या अंगाची एक बाई भली मोठी बाटली घेऊन आली. कोणाचा कारुरा म्हणून विचारलं, तर म्हणाली, घरात समदेच आजारी हायेत, म्हणून समद्यांचं थोडं थोडं आणलंय, परत परत खेप नको. हकीमसाहेबांनी ती बाटली नेहमीसारखीच गंभीरपणे उजेडात धरली आणि मला म्हणाले, गणपतराव, साऱ्या खानदानाला मानवेल असा एक काढा बांधा. बाई खूष होऊन गेली. सगळे बरेही झाले, असं तिने पुढच्या बाजारी सांगितलं. कशाने झाले, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हकीमसाहेब मूळचे हैदराबादचे. अंगाने बारीक, दाढी पांढरी, आणि बोलण्याचा भारी नाद. दुपारी रोगी कमी झाले, की ते मला युनानच्या गोष्टी सांगत बसायचे. युनान म्हणजे ग्रीस. तिथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल ते असं बोलायचे, की वाटावं ही मंडळी आमच्याच पेठेत पलीकडच्या गल्लीत राहतात. आपण एखाद्या झकास गोष्टीला अफलातून म्हणतो, तो अफलातून खराच एक माणूस होता, युनानचा मोठा तत्त्वज्ञ, हे मला त्यांच्याकडून कळलं. ते सांगायचे, की त्या मुलखात एक शहाणा म्हणाला, जगात सगळं पाण्यापासून झालं. दुसरा म्हणाला, हवेपासून. तिसरा म्हणाला, आगीपासून. मी विचारलं, म्हणजे सगळेच चुकले म्हणायचं की. हकीमसाहेब खुशीत मांडी थोपटून म्हणाले, अलबत चुकले. पण त्यांच्या आधी लोक विचारायचे, हे कोणाच्या कोपाने झालं? हे लोक विचारायला लागले, हे कशामुळे झालं? एवढा एक प्रश्न बदलला, आणि त्यावर आपला हा दवाखाना उभा आहे.

या सगळ्यांत त्यांचा लाडका बुक्रात. हा युनानी हकिमांचा मूळपुरुष. त्याची शिकवण अशी, की नव्या गावात गेल्यावर हकिमाने आधी तिथलं पाणी बघावं, वारा कुठून येतो ते बघावं, माणसं काय खातात ते बघावं, आणि मग रोगाबद्दल तोंड उघडावं. ही शिकवण हकीमसाहेबांना तोंडपाठ होती. ती अमलात आणायची वेळ आली, ती नारूमुळे.

आजच्या मुलांना नारू माहीत नाही, हे त्यांचं नशीब. नारू म्हणजे पायातून निघणारा लांबच लांब दोऱ्यासारखा जंत. आधी पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या सुतासारखं टोक बाहेर येतं. ते ओढलं तर तुटतं, तुटलं तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरूण धरतो. म्हणून ते टोक एका बारीक काडीला गुंडाळायचं, रोज थोडा पीळ द्यायचा, आणि तो हळूहळू बाहेर यायची वाट बघायची. हे काम माझं. आत्मस्तुती होईल, पण माझ्या हातून नारू सहसा तुटत नसे. परळीकडची माणसंदेखील बैलगाडी जोडून माझ्याकडे काडी फिरवून घ्यायला यायची, आणि मी मनातल्या मनात मिशीला पीळ द्यायचो.

आमच्या तालुक्यात एक गाव नारूचं म्हणूनच प्रसिद्ध होतं. नाव सांगत नाही, तिथे आता लोकांची नातवंडं सुखाने नांदतायत. गावाला पायऱ्यांची एक सुंदर जुनी बारव होती. पाणी गोड आणि स्वच्छ. पण उन्हाळ्यापासून पेरणीपर्यंत घरटी कोणाच्या तरी पायाला काडी असायचीच. गाव म्हणायचं, बारवेतल्या साती आसरांचा कोप आहे. दर साली त्यांची ओटी भरायचे, हिरवा खण वाहायचे, आणि दर साली नारू निघायचा. ऐन पेरणीत माणूस लंगडा, म्हणून त्या गावात कोणी मुलगी देत नसे. पारावर बसलेल्या बिनलग्नाच्या बाप्यांची रांग बघून परगावचे लोक त्या गावाला मठ म्हणायचे.

त्या रांगेतला एक लिंबाजी. पाटलाचा धाकटा भाऊ, तिशी ओलांडलेला, कामाला वाघ आणि बोलायला लाजरा. तो एका बाजाराच्या दिवशी दवाखान्यात आला, रोगी म्हणून नाही. बराच वेळ खांबाला टेकून उभा राहिला, मग म्हणाला, "हकीमसाब, नारू निघू नये आसं औषध द्या. माझ्या लग्नाचं आडलंय."

वडवणीकडच्या एका शेतकऱ्याची, आबाजीची, मुलगी सुंदरा त्याला सांगून आली होती. तिचा पहिला नवरा पटकीने लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेलेला. बापाने तिला घरी आणलं होतं आणि आता पाट लावून द्यायचा होता. लिंबाजीने तिला बाजारात पाहिलं होतं. एवढं सांगताना तो कानापर्यंत लाल झाला. पण आबाजीची अट होती. पोरीने एकदा सोसलंय, आता तिला लंगड्यांची सेवा करायला धाडणार नाही. पुढच्या जेठात येऊन बघेन. घरात कोणाच्या पायाला काडी दिसली नाही, तर पाट लावू.

हकीमसाहेबांना भलताच हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी आम्ही बैलगाडीने त्या गावी. त्यांनी बारवेचं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं, वास घेतला, चाखलं आणि बिनदोष ठरवलं. वारा पाहिला. मग पारावर बसून गावाला एकच प्रश्न केला, की या गावात असं कोण आहे, ज्याला नारू होतच नाही? आजवर सगळे हकीम, वैद्य, देवरुषी कोणाला होतो ते विचारायचे. हा उलटा प्रश्न ऐकून गाव गोंधळलं. पुष्कळ खल झाल्यावर म्हातारी माणसं म्हणाली, की कापडाचं दुकान आहे ना, त्या जैनाच्या घरात कधी काडी पाहिली नाही.

शेठजींना पारावर बोलावलं. तुमच्यात काय खात नाहीत, असं हकीमसाहेबांनी विचारलं. शेठजींनी यादीच सांगितली, कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं कंद नाही, वांगं नाही. वांगं म्हणताच हकीमसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चोर सापडला. युनानी हिशेबात शरीरात चार रस. रक्त, कफ, पित्त, आणि चौथा काळा सौदा. सौदा बिघडला की नाना रोग, आणि सौदा वाढवण्यात वांग्याचा हात कोणी धरत नाही, असं जुने उस्ताद लिहून गेलेले. हकीमसाहेबांनी स्वतः आयुष्यात कधी वांग्याला हात लावलेला नव्हता. सगळं कसं चपखल बसलं.

लिंबाजीच्या लग्नासाठी म्हणा, आपल्या पायांसाठी म्हणा, गावाने देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की वांगं खाणार नाही, पेरणार नाही, गावात आणणार नाही. माळ्यांनी कुरकुर करत उभी रोपं उपटली. भरीत गेलं, भरली वांगी गेली, येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात करायच्या, भाजीत वांग्याची जागा रिकामी राहिली. पाहुणे यायचे आणि नुसत्या पिठल्यावर जेवून जाताना गावाला नावं ठेवायचे. लिंबाजी घरोघर हात जोडत फिरायचा, की एवढं साल काढा.

जेठ उजाडला आणि घरटी काड्या लागल्या, दरसालच्यासारख्याच. आबाजी ठरल्याप्रमाणे आला. लिंबाजी धोतर घोट्यापर्यंत सोडून ओट्यावर ताठ बसला होता. आबाजीने नुसतं म्हटलं, जरा पाणी आणा बरं आतून. लिंबाजी उठला आणि दोन पावलांतच खाली बसला. त्याच्याच पोटरीला काडी होती, मीच बांधलेली. आबाजी काही वाईट बोलला नाही. चहा न घेता उठला. लिंबाजी बसल्या जागेवरून म्हणाला, "मामा, आजून एक साल थांबा." आबाजी म्हणाला, पोरीला विचारतो. निरोप आला, की थांबते म्हणाली. बाजारात तिनेही त्याला पाहिलं असावं.

हे सगळं बघायला आलेले हकीमसाहेब आणि मी गाडीने परत निघालो. मला वाटलं, आता ते म्हणतील, गाववाल्यांनी चोरून वांगी खाल्ली. तसं म्हणायला फार सोपं होतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. पण वेशीशी आल्यावर ते म्हणाले, "गणपतराव, अपन गल्लत थे. अब फिर से देखना पडता." मला त्या माणसाचा त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा कोणी मोठा रोग बरा केल्यावरही वाटला नव्हता.

या खेपेला त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. शेठजींच्या परवानगीने त्यांच्या ओट्यावर सकाळपासून नुसते बसून राहिले. शेठजींची आई बारवेवरून घागर घेऊन आली. तिने हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं, पाणी त्यातून ओतलं, मग ते फडकं अलगद उलटं करून थोड्या पाण्यात खळबळलं आणि ते पाणी घेऊन परत बारवेकडे निघाली. हकीमसाहेबांनी अदबीने विचारलं, की माँजी, हे काय करता? म्हातारी म्हणाली, "पान्यात बारीक जीव आस्तात. आपल्या पोटात काहून मारायचे? ज्येचं त्येला नेऊन द्यायचं."

ते पाणी हकीमसाहेबांनी कारुऱ्यासारखं उजेडात धरलं. त्यांना काही दिसलं नाही, मलाही नाही. म्हातारी जिवांना आपल्यापासून वाचवत होती, आणि आपण त्या जिवांपासून वाचतोय याचा तिला पत्ता नव्हता. पत्ता आम्हालाही नव्हता. पुष्कळ वर्षांनी एका सरकारी डॉक्टरांनी मला खुर्दबिनीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, तसल्या पाण्याचा थेंब दाखवला. पिसवेएवढाही नाही असा एक जीव त्यात टुणटुण उडत होता. नारूचं बी त्याच्या पोटात असतं. तो पाण्याबरोबर आपल्या पोटात गेला, की सालभराने नारू पायातून निघतो. तो पाय बारवेच्या पायरीवर पाण्यात बुडाला, की बी पुन्हा पाण्यात. हकीमसाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की या घरात आणि बाकीच्या गावात वांग्याखेरीज दुसरा फरक सापडला, तर तो आता तपासून बघू.

त्या साली लिंबाजी पाय बरा झाल्यापासून बारवेवरच असायचा. शेठजींकडून जाडं कापड आणून त्याने घरोघर वाटलं आणि पायरीवर बसून कोणाचीही घागर गाळल्याशिवाय वर जाऊ देईना. बायका त्याची भंकस करायच्या, की नवरदेव पाण्याला बसलाय, हळद कधी लागायची. तो खाली मान घालून फडकं पिळत राहायचा. वांग्याची शपथ चालूच होती. देवळातली शपथ सोडायची कशी, हे कोणाला सुचलं नव्हतं.

पुढच्या जेठात आबाजी आला आणि गावभर हिंडला. काडी दिसली ती एका म्हाताऱ्याच्या पायाला, आणि तो वर्षभर लेकीच्या गावी राहून आलेला. आबाजीने सोयऱ्याला, म्हणजे पाटलांना, मिठी मारली. लवकरच पाट लागला. दुसऱ्या दिवशी जेवणावळीला हकीमसाहेबांना आणि मला मानाचं बोलावणं होतं.

तिथे घोटाळा झाला. आबाजीने लेकीबरोबर भेट म्हणून आपल्या मळ्यातली टोपलीभर वांगी आणली होती. त्या बिचाऱ्याला शपथेचं काय माहीत. टोपली बघून पंगत चपापली. पाटील म्हणाले, गुरांना टाका. मग बोलता बोलता कळलं, की नारू गेला तो वांगं सोडल्यामुळेच, अशी गावाची खात्री झाली होती. शपथेचं फळ जरा उशिरा आलं, एवढंच. आणि वांगं सोडूनच गुण येतोय, तर रोज पाणी गाळायची कटकट कशाला, म्हणून लिंबाजी लग्नाच्या गडबडीत बारवेवरून उठताच कित्येक घरांत फडकी चुलीपुसणी झाली होती. हकीमसाहेबांचा घास हातात राहिला. त्यांनी परोपरीने सांगितलं, की गुण फडक्याचा आहे. पाटील हसून म्हणाले, "हकीमसाब, वांगं सोडा म्हनून तुमीच सांगितलं व्हतं. आता तुमीच न्हाई म्हंता. आमी कोनतं खरं मानावं?" पाटलांचंही चुकत नव्हतं. त्या साली गावाने दोन्ही गोष्टी केल्या होत्या.

तेव्हा आतल्या दारातून पदर सावरून सुंदरा पुढे आली. सगळ्यांसमोर नव्या सुनेने बोलावं अशी रीत नव्हती, पण ती शांत आवाजात थोरल्या दिराला, पाटलांना म्हणाली, "दादा, मला जलमभर या घरात ऱ्हायचं हाय. दोन्हीतलं खरं काय ते कळाया नगं का? म्या काय शपथ घेतली न्हाई. म्या वांगी खाते आन् पानी गाळून पिते. पुढल्या जेठाला मला नारू निघाला, तर वांगं वाईट."

आबाजी अक्षरशः पांढरा पडला. एवढी दोन सालं अडवून जपलेली पोर पहिल्याच दिवशी स्वतःच्या पायावर पैज लावत होती. हकीमसाहेब मात्र तिच्याकडे बघत राहिले होते. नंतर मला म्हणाले, अफलातूनच्या मदरशात बसायला हवी होती ही पोर. भरीत झालं. सुंदराने आतल्या दारात बसून पहिला घास खाल्ला. लिंबाजी पंगतीतून उठला, हकीमसाहेबांपुढे हात जोडून म्हणाला, की शपथ तुमच्या सांगण्यावरनं घेतली, तुमीच सोडवा. हकीमसाहेबांनी होकाराची मान डोलावली. तो आत गेला आणि तिच्या ताटातलं भरीत घेऊन खाऊ लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

ते साल आम्हाला फार लांब गेलं. दवाखान्यात त्या गावचं माणूस आलं, की हकीमसाहेब आधी पाटलाच्या धाकट्या भावजयीचे पाय विचारायचे आणि मग त्या माणसाचा रोग. जेठ आला आणि गावातून माझ्यासाठी गाडी आली. हकीमसाहेबही गाडीत चढून बसले.

गावात काड्या होत्या. शपथ पाळून फडकं सोडलेल्या घरांत तर होत्याच, खुद्द पाटलांचा पायदेखील लोडावर होता. त्यांनी भावापासून वेगळी चूल मांडली होती आणि त्या चुलीवर गाळणं नव्हतं. मी काडी बांधत असताना ते ओशाळून म्हणाले, की हकीमसाब, त्या दोघांकडं जाऊन या.

घरी कोणी नव्हतं. शेजारीण म्हणाली, दोघंबी पेरनीला गेल्यात. आम्ही शेताच्या बांधावर गेलो. लिंबाजी तिफण धरून होता आणि मागून सुंदरा ओटीतलं बी चाड्यावर सोडत चालली होती. हकीमसाहेब त्या ढेकळांतून तिची पावलं बघत बांधावर तसेच उभे राहिले, पार तिफणीचं ते तास संपेपर्यंत. तिच्या पायाला काडी नव्हती, लिंबाजीच्याही नव्हती. त्यानंतर त्या गावात फडकं कोणी सोडलं नाही, आणि दोनेक वर्षांत तिथून मला गाडी येणं बंद झालं. माझ्या हुनराचं एक गाव कमी झालं. थोडं वाईट वाटलं, हेही खरंच आहे.

त्या दिवशी दुपारी बांधावरच्या बाभळीखाली सुंदराने भाकरी सोडली. भाकरीवर वांग्याचं भरीत होतं. ते हकीमसाहेबांना चालत नाही हे तिला आठवलं, आणि ती त्यांच्यापुरता नुसता ठेचा काढू लागली. हकीमसाहेबांनी तिला थांबवलं. भरीत हातात घेऊन त्यांनी क्षणभर बघितलं, बिस्मिल्ला म्हणाले आणि आयुष्यातला वांग्याचा पहिला घास खाल्ला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सावकाश चावून, गिळून ते मला म्हणाले, "गणपतराव, वो उस्ताद लोगां खाकू देखेच नहीं होंगे." आणि भाकरी पुढे करून त्यांनी आणखी भरीत मागितलं.